पोर्टल दुरुस्त करनारा मानूस कुठं बसते?

कापसाचा दुसरा वेचा सुरू होता तेव्हाची गोष्ट. एक काकाजी माझ्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरवर सलग तीन दिवस आले. गाव तालुक्यापासून अठरा किलोमीटर, सकाळच्या यष्टीने यायचं आणि वेचणाऱ्या बाया वावरातून घरी जायच्या आत परत पोचायचं, कारण कापूस मोजून घ्यायला घरी दुसरं कोणी नाही. पिशवीत सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. पहिल्या दिवशी अंगठाच लागेना. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी लागतात, वेचून वेचून बोटांचे शेंडे फाटतात, मग मशीनला रेषा कुठून दिसणार. अंगठा केसांवर घासून पाहिला, ओल्या फडक्याने पुसून पाहिला, दहाही बोटं लावून झाली. दुसऱ्या दिवशी ओटीपीवर गेलो तर ओटीपी पोराच्या नंबरवर, पोरगा चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये मोबाइल लॉकरात. तिसऱ्या दिवशी ओटीपी मिळाला, फॉर्म उघडला आणि लाल अक्षरात आलं की नाव जुळत नाही.

नाव ज्ञानेश्वर. आधारवर ते इंग्रजीत डी-एन-वाय-ए असं सुरू होतं. सिस्टीमने सातबाऱ्यावरच्या मराठी नावाचं आपलं आपण इंग्रजी केलं ते जे-एन-ए असं. वरून सातबाऱ्यावर बापाच्या नावाआधी जुन्या रेकॉर्डातला 'वल्द' (अमक्याचा पोरगा) तसाच राहिलेला, म्हणजे नावात एक शब्द जास्तीचा. मराठी वाचता येणारं चौथीतलं पोरगंसुद्धा सांगेल की माणूस एकच आहे, पण तिथं बटण पुढे जातच नाही. मी म्हटलं काकाजी, हे माझ्या हातात नाही, वर तक्रार टाकतो. ते शांतपणे म्हणाले, "वर म्हंजे कुठं? हे दुरुस्त करनारा मानूस कुठं बसते तेवढं सांग, मी जातो त्याच्यापाशी."

मला सांगता आलं नाही. मी नऊ वर्षं ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून काम केलं, आता चार वर्षांपासून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्वतःचं सेवा केंद्र चालवतो, म्हणजे तेरा वर्षं रोज हेच काम, आणि तरी मला तो माणूस कुठं बसतो ते माहीत नाही. त्या प्रश्नावरून बरेच दिवस डोक्यात जे चाललं आहे ते लिहितोय.

आपल्या देशाचं आयटी धोरण म्हटलं की गोष्ट १९८४ पासून सुरू करतात, कॉम्प्युटर आयात करणं सोपं झालं ते वर्ष. मग १९८६ चं सॉफ्टवेअर निर्यातीचं धोरण, १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क. त्याचं फळ खोटं नाही. आज देशाची आयटी निर्यात वर्षाला २०० अब्ज डॉलरच्या पुढे आहे, पन्नास लाखांच्या वर लोक त्यावर पोट भरतात, त्यात आमच्या गावची पोरंही आहेत. हिंजवडीतून दर महिन्याला पैसे येतात तेव्हा इकडे बहिणीचं लग्न होतं, बोअर मारली जाते. नागपूरला मिहानमध्ये मोठ्या कंपन्या आल्या तेव्हा आमच्याकडच्या बापांना वाटलं की आता पोरगं निदान विदर्भात तरी राहील, आणि काही राहिलेही. मला यातलं काहीच कमी लेखायचं नाही.

पण राज्याची आयटी धोरणं वाचून पाहा. १९९८, २००३, २००९, २०१५, २०२३. पाच वेळा धोरण आलं आणि दर वेळी मोठा भाग एकाच गोष्टीचा, की पार्कला जादा चटई क्षेत्र किती द्यायचं, मुद्रांक शुल्कात सूट किती, वीज कोणत्या दराने. म्हणजे धोरणाला आयटीवाला म्हणून जो माणूस दिसतो तो काचेच्या इमारतीत बसून परदेशातल्या कंपनीचं काम करणारा. काकाजींचं नाव जुळवून देणारा माणूस त्या कागदावर कुठंच नाही. आणि कास्तकाराचं आज एकही काम कॉम्प्युटरशिवाय होत नाही. पेरा नोंदवायचा तर २०२१ पासून ई-पीक पाहणी, अनुदानाला महाडीबीटी, शेतकऱ्याला स्वतःचा फार्मर आयडी, २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर त्याचीही नोंदणी ॲपवर. वावर, पीक, बाजार सगळं पोर्टलवर गेलं. ते चांगलंच झालं असं मी मानतो, कारण पूर्वी एका उताऱ्यासाठी पटवाऱ्याच्या घरी चार चकरा व्हायच्या ते मी लहानपणी बापासोबत पाहिलं आहे. पण गावाचा सगळा कारभार ज्या गोष्टीवर उभा केला ती बिघडली तर दुरुस्त कोणी करायची हे ठरवायचं राहून गेलं.

गावात लाइट आली तेव्हा असं झालं नव्हतं. तारा ओढल्या त्यासोबत लाइनमन आला. त्याच्यासाठी आयटीआयमध्ये वायरमन, इलेक्ट्रिशियनचे ट्रेड होते, परीक्षा होती, लायसन्स होतं, हातमोजे आणि पक्कड होती, पगार होता, बढतीने वर जायची वाट होती. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत डीपी जळाली तर गावाला माहीत असतं की कोणाकडे जायचं, तो नाही आला तर त्याच्यावरचा साहेब कोण, आणि तोही नाही ऐकला तर कोणाच्या ऑफिससमोर जाऊन बसायचं. लाइनमनच्या कामाबद्दल लोक शंभर तक्रारी करतील, पण तो आहे, त्याला नाव आहे, त्याची जबाबदारी लिहिलेली आहे. कॉम्प्युटर आला तेव्हा मात्र आपण मशीन दिली, वायर दिली, आणि माणूस कंत्राटावर लटकवला.

तो कंत्राटावरचा माणूस मी होतो. २०११ मध्ये संग्राम प्रकल्पात ग्रामपंचायतींना संगणक परिचालक मिळाले, पुढे २०१६ मध्ये त्याचंच आपले सरकार सेवा केंद्र झालं. मला एका मधल्या कंपनीमार्फत मानधन मिळायचं, कधी चार महिन्यांनी तर कधी सहा महिन्यांनी. काम काय तर जन्ममृत्यूच्या नोंदी, घरकुलाच्या याद्या, रोजगार हमीची हजेरी, ग्रामपंचायतीचे नमुना १ ते ३३, आणि ज्या साहेबाला जे टाइप करून हवं ते. ग्रामसेवक नसला की गावासाठी ग्रामपंचायत म्हणजे मीच. पण माझ्या कामाला ना पद होतं ना अधिकार ना पुढे जायची वाट. नवीन सॉफ्टवेअर आलं की व्हाट्सॲपवर पीडीएफ यायची, तेच ट्रेनिंग. अडलं की आम्ही दहा गावचे परिचालक एकमेकांना फोन करायचो आणि ज्याला जमलं तो बाकीच्यांना सांगायचा. खरं सांगतो, त्या काळात जे काही शिकलो ते असंच शिकलो, आणि माझ्यासोबतचे कितीतरी हुशार पोरं हे काम सोडून बँकेच्या वसुलीला नाहीतर पेट्रोल पंपावर गेले कारण बायको-लेकरांना मानधनाची वाट पाहायला सांगता येत नाही. सहा-सात वर्षं काम करून तयार झालेला माणूस निघून जातो, त्याच्या जागी नवीन येतो, तो पहिल्यापासून सुरू करतो. हे नुकसान कोणत्याच हिशोबात येत नाही.

स्किलचं पण थोडं बोलतो. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली तेव्हा तिने तालुक्याच्या गावांत जे केलं ते मोठं होतं. माझ्या बहिणीने क्लास लावला, घरी कॉम्प्युटर नव्हता तर तिने वहीच्या पुठ्ठ्यावर पेनाने कीबोर्ड काढला होता आणि रात्री त्याच्यावर बोटं फिरवायची. ती आज एका पतसंस्थेत आहे. पण हळूहळू असं झालं की सर्टिफिकेट नोकरीच्या अटीत आलं आणि लोक अट पूर्ण करायला शिकायला लागले. २०१२ च्या राष्ट्रीय आयटी धोरणात लिहिलं होतं की घरटी एका माणसाला कॉम्प्युटर-इंटरनेट यायला पाहिजे. २०१७ मध्ये त्यासाठी पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आलं, लक्ष्य सहा कोटी ग्रामीण लोक, ट्रेनिंग वीस तासांचं. मार्च २०२४ ला योजना संपली तेव्हा सहा कोटींचा आकडा पार झालेला होता. मी स्वतः त्याच्या काही बॅच घेतल्या म्हणून सांगतो, वीस तासांत माणूस माऊस धरायला आणि फोटो पाठवायला शिकतो. ओटीपी दुसऱ्याच्या नंबरवर जातो तेव्हा तो नंबर बदलायचा कसा, पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून पैसे मागणाऱ्याला ओळखायचं कसं, पैसे गेलेच तर १९३० नंबर लगेच का लावायचा, हे वीस तासांत मावत नाही. आणि योजना संपली की शिकवणाराही संपला. माझ्या बॅचमधल्या मावश्या आजही त्याच प्रश्नासाठी माझ्याकडेच येतात, फक्त आता त्यांच्याकडे साक्षर असल्याचं सर्टिफिकेट आहे.

आयटीआयमध्ये कोपा नावाचा ट्रेड आहे, कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट, एक वर्षाचा. आमच्याकडच्या कितीतरी मुली हा ट्रेड करतात कारण तालुक्याच्या गावी राहून करता येतो आणि घरचे पाठवतात. त्यातली एक मुलगी माझ्याकडे दोन महिने बसायची. एक दिवस साईटवर फॉर्म सेव्हच होईना, मी नेहमीसारखं सर्व्हर डाऊन म्हणून लोकांना उद्या यायला सांगत होतो, तिने आमचा जुना ब्राउझर बदलून पाहिला, मग गावाच्या नावातला जोडाक्षराचा टाइप तपासला आणि दाखवलं की दोन वेगळ्या कीबोर्डवर टाइप केलेलं तेच नाव आतून वेगळं साठवलं जातंय म्हणून यादीशी जुळत नाही. बाहेर वीस लोक उभे होते, सगळ्यांचं काम त्या दिवशी झालं. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. आज ती लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात आहे आणि घरी आहे, कारण कोपा झालेल्या पोरीला तिथं कोणत्या दारात जाऊन काम मागायचं हेच ठरलेलं नाही. चहाच्या टपरीवरही तिच्याबद्दल बोलताना लोक म्हणतात, पोरगी हुशार होती, पुण्याला जायला पाहिजे होती. का म्हणून? तिच्या हातच्या कामाची गरज इथंच होती.

भाषेचा प्रश्नही याच्याशीच बांधलेला आहे. २०२१ मध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते ते आठवत असेल. मोबाइल निकृष्ट होते, आणि पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरायला लागत होती. सातवी-दहावी शिकलेली बाई, जी वीस वर्षं लेकरांची वजनं वहीत बिनचूक लिहित आली, ती एका ॲपमुळे अडाणी ठरत होती. ते ॲप लोकांना देण्याआधी घाटंजी नाहीतर मेहकर तालुक्यातल्या चार सेविकांच्या हातात देऊन एक दिवस बाजूला बसून पाहिलं असतं तर ते तेव्हाच कळलं असतं. पण बसून पाहणारा, लिहून कळवणारा आणि ज्याचं म्हणणं वर ऐकलं जाईल असा माणूस तालुक्यात नाही. आता तर सरकार एआयवर मोठा खर्च करतंय. केंद्राचं २०२४ चं इंडिया एआय मिशन १०,३०० कोटींच्या वरचं आहे, राज्याने २०२५ मध्ये शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्याला ५०० कोटी. कास्तकाराने बोलून विचारावं आणि ॲपने मराठीत उत्तर द्यावं, हे झालं तर मला खूप आनंद होईल. पण आमच्याकडे कोणी "माझ्या कपाशीला बोंडे लागत नाहीत" असं बोलत नाही, "पऱ्हाटीले बोंडंच नाही लागून राह्यले" असं बोलतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, आमच्याच जिल्ह्यात कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, कोलामी. हे बोलणं कोणीतरी रेकॉर्ड करावं लागेल, लिहावं लागेल, चुकलेलं तपासावं लागेल. हे सगळं आयटीचंच काम आहे आणि ते बंगलोरात बसून होत नाही.

गाव डिजिटल करायचे प्रयोग झाले नाहीत असं नाही. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर माहीत झालं, २०१९ च्या निवडणुकीत भाषणांतही गाजलं. एक जण म्हणे डिजिटल झालं, दुसरा म्हणे नाही झालं. टॉवर, वायफाय, मशीन यावरच सगळा वाद. गावातला कोणता पोरगा शिकून तयार झाला, त्याला कायमचं काम मिळालं का, हा प्रश्न त्या वादात माझ्या कानावर कधी आला नाही.

आता मला जे म्हणायचं आहे ते. ज्या कामात चूक झाली तर कोणाचा तरी जीव, जमीन किंवा पैसा जातो त्या कामाला आपण पेशा मानतो आणि सही करायला लावतो. हिशोब तपासणाऱ्या सीएसाठी १९४९ चा कायदा आहे, वकिलांसाठी १९६१ चा. पुलाच्या नकाशावर इंजिनिअरची सही असते. सातबाऱ्यावर चूक असेल तर जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे, तहसीलदाराकडे अर्ज करायचा, तो चौकशी लावतो आणि आदेशावर सही करतो. इतकंच काय, सातबारे कॉम्प्युटरवर चढवताना ज्या चुका झाल्या त्या काढायला २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं, पटवाऱ्याने सातबारे मोठ्याने वाचून दाखवले, ज्याचं चुकलं त्याने तिथंच सांगितलं. आमच्या गावात मारोतीच्या पारावर वाचन झालं तेव्हा मी लॅपटॉप घेऊन बाजूला होतो. बुढे लोक कान देऊन ऐकत होते, एका आजीने सांगितलं की तिच्या मेलेल्या दिराचं नाव अजून आहे आणि तिचं नाहीच. कॉम्प्युटरमधली माहिती अशी लोकांपुढे तपासता येते हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मग पोर्टलवरच्या चुकीला असा रस्ता का नाही? तिथं कलम नाही, चावडी नाही, सही नाही. तक्रार टाकली की नंबर येतो आणि काही दिवसांनी त्या नंबरपुढे निकाली असं लिहून येतं, कोणी निकाली काढली, काय पाहून काढली, काही नाही.

म्हणून दर तालुक्याला तीन माणसं द्या, पक्क्या पदावर. कोपा झालेले, डिप्लोमा झालेले, आणि इतकी वर्षं काम केलेल्या परिचालकांना त्यात पहिला हक्क, परीक्षा घेऊन. त्यांना नावातली, गावातली, बँक खात्यातली साधी चूक कागद पाहून तालुक्यातच दुरुस्त करायचा अधिकार द्या आणि दुरुस्तीखाली त्यांचं नाव आणि सही येऊ द्या. राज्यात ३५८ तालुके आहेत, म्हणजे १,०७४ माणसं, एकाला महिना चाळीस हजार धरले तरी वर्षाला ५२ कोटींच्या आत. फक्त विदर्भाचे १२० तालुके धरले तर साडेसतरा कोटीही लागत नाहीत. आणि २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहेच, दाखला मुदतीत दिला नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. त्यात तांत्रिक चुकीची दुरुस्ती हीसुद्धा एक सेवा म्हणून टाका, तिला मुदत द्या, अपील द्या. म्हणजे सर्व्हर डाऊन हे उत्तर देऊन कोणालाच मोकळं होता येणार नाही, मलाही नाही.

लोक म्हणतील पक्की नोकरी दिली की माणूस काम करत नाही. ही भीती खोटी नाही, आम्ही सगळ्यांनी तसे टेबल पाहिले आहेत. म्हणूनच मुदत आणि दंड सोबत पाहिजे, आणि आलेल्या तक्रारी, झालेल्या दुरुस्त्या यांची यादी ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे. दुसरे म्हणतील थोडे दिवस थांब, सगळं मोबाइलवर येईल, मधल्या माणसाची गरजच राहणार नाही. हे मी तेरा वर्षं ऐकतोय. गावात स्मार्टफोन घरोघरी झाले तशी माझ्या सेंटरवरची रांग वाढली, कारण दर योजनेला नवीन नोंदणी, नवीन केवायसी, आणि माहिती जितकी जास्त ठिकाणी जोडली तितक्या ठिकाणी नाव न जुळायची जागा वाढली. मशीन कितीही हुशार होऊ द्या, दोन कागदांवरचा माणूस एकच आहे हे त्याच्या तोंडाकडे पाहून सांगणारा कोणीतरी लागणारच आहे.

काकाजींचं पुढे काय झालं तेही सांगतो. मी त्यांना १५५ चा अर्ज लिहून दिला. पटवारी पारावरच्या ऑफिसात बसतो हे त्यांना माहीत होतं, ते गेले, पंचनामा झाला, तहसीलदाराची सही झाली, सातबाऱ्यावरचा वल्द एकोणीस दिवसांत निघाला. पोर्टलवर अजून जुनंच नाव येतंय. तीन तक्रारी टाकल्या, तिन्ही निकाली दाखवतात. ते शुक्रवारच्या बाजाराला आले की सेंटरवर डोकावतात, नवीन उतारा त्याच प्लास्टिकमध्ये असतो, आणि मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवून लाल ओळ दाखवतो.